मोळीवालीनं टाकलेल्या खुणा

ये, जवळ सरक. कागदावर का होईना, पण माझ्याजवळ बस, आणि आधी तो कान इकडे कर, पिळायचा आहे. कोणी सांगितलं होतं तुला पुण्याच्या त्या डोंगर चढणाऱ्या पोरापोरींपुढे माझे गोडवे गायला? ‘माझी आजी नऊवारी नेसून सातपुड्यातल्या वाटा आखायची, वाट चुकलेल्या सहा बायकांना तिनं जंगलातून सुखरूप घरी आणलं,’ असं बोललीस म्हणे. आणि वर मलाच फोन करून ऐकवलंस. मी नुसती हं हं करत राहिले. फोन ठेवला आणि वाटाणे सोलायला बसले, तर दाणे केरात आणि सालं पातेल्यात पडायला लागली.

अगं, सांगण्याआधी मला विचारायचं तरी होतंस. तू म्हणशील, विचारायचं काय त्यात, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. तीच तर पंचाईत आहे. सगळ्यांना ठाऊक असलेली ती गोष्ट खोटी आहे, आणि ती मी स्वतः तशी होऊ दिली. आता खरी ऐक. मध्येच ‘जाऊ दे गं आजी’ म्हणायचं नाही.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. सावद्याला या घरात सून म्हणून येऊन मला चारेक वर्षं झाली होती. घरात माझे सासरे, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. थोरली जाऊ, आणि तुझे आजोबा. केळीचा मळा होता, कपाशी होती. दिवसभर माणसं आणि बैलं राबायची आणि केळीचे घड गाड्यांतून स्टेशनावर जायचे.

मी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. घरात पडलेली जुनी क्रमिक पुस्तकं चुलीपुढे धरून मी अक्षरं लावायला शिकले. कोणी शिकवलं नाही. वर्षभरात मला पोथी वाचता यायला लागली, आणि खरं सांगते, मी शेफारले. आमच्या घरात सगळी ‘कयलं’ म्हणायची, मी ‘कळलं’ म्हणायला लागले. जाऊबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. ‘आली व शहरची!’ म्हणायच्या. मला ते आवडायचं. गल्लीतल्या बायका पत्र वाचायला माझ्याकडे यायच्या, तेव्हा मी मुद्दाम जरा वेळ लावायची, म्हणजे काम अवघड आहे असं वाटावं.

आठवड्यातून दोनदा डोंगरातून एक पावरा आदिवासी बाई यायची. सातपुड्याच्या पहिल्या डोंगरधारेमागे तिचा पाडा होता. डोक्यावर सरपणाची मोळी, कमरेच्या पोटळीत डिंक नाहीतर चारोळी. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, म्हणून मोळी पहिल्यांदा आमच्या ओट्याला टेकायची. बदल्यात ती मीठ, मिरच्या, जुनं लुगडं न्यायची. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. मान अशी ताठ की मोळी उतरवल्यावरही डोक्यावर काही आहे असं वाटावं. गल्ली तिला मोळीवाली म्हणायची आणि मीही तेच म्हणायचे. तिचं नाव विचारावं असं मला एकदाही सुचलं नाही. आबांच्या बैलांची नावं मात्र मला पाठ होती.

आबांना एकदा मुदतीचा ताप आला होता, तेव्हा आत्याबाईंनी डोंगरातल्या देवीला वरण-बट्टीचा नवस बोलला होता. आबा खडखडीत बरे झाले, पण नवस तसाच राहिला. देवी दुसऱ्या धारेच्या पलीकडे. गाडीरस्ता लांबून वळसा घेऊन जायचा, दोन मुक्काम पडायचे. दर चैत्रात आत्याबाई विचारायच्या आणि आबा म्हणायचे, ‘गाड्या मालाले लागतीन. पुढच्या साली पाहू.’ अशी तीन वर्षं गेली. आत्याबाईंनी रात्रीचं जेवणच सोडलं. बोलायच्या नाहीत, पण ताटावर बसायच्या नाहीत.

तेव्हा मी म्हटलं, ‘गाड्या कशाला? आपण बायका सरळ डोंगरातून चालत जाऊ. पहाटे निघालो तर दुपारी देवीपाशी. वाट मी आखते.’

‘तू?’ जाऊबाई म्हणाल्या. ‘तुले मळ्यातली वाट तरी ठाव हाये का?’

‘माझ्याकडे कागद आहे,’ मी म्हटलं.

आणि खरंच होता. कापड दुकानदाराच्या जुन्या कॅलेंडरचं पान मी उलटं करून ठेवलं होतं. मोळीवाली आली की मी तिला पायरीवर बसवायची, आपण ओट्यावर बसायची आणि पेन्सिल घेऊन विचारायची. तिनं सगळं मनापासून सांगितलं. शेवटची विहीर सोडली की सुका नाला. नाल्यातून वर गेलं की वाट फुटते. मग कडाईचं पांढरं झाड, इतकं पांढरं की कोणी चुना लावला असं वाटावं. मग खिंड, तिच्यामागे पाडा, पाड्यापुढे झरा, झऱ्यावर देवी. अंतर ती विसाव्यांनी मोजायची, म्हणजे डोक्यावरची मोळी जिथं टेकवून दम घ्यायचा ती ठिकाणं. पाड्यापासून सावद्यापर्यंत पाच विसावे. मी त्यांचे कोस करून टाकले आणि कागदावर लिहिले.

ती हसली. ‘बाय, माझी मोळी खाली येते. तू वर जाशीन.’

मला ते कळायला हवं होतं. ओझं घेऊन का होईना, उतरणीचे पाच विसावे चढणीला दहा होतात. पण मी म्हटलं, ‘हिशेब माझ्यावर सोड.’

ती म्हणाली, ‘मी संगं येते ना. पुढं चालते, तुम्ही मागं या.’

आतून जाऊबाईंचा आवाज आला, ‘नैवेद्याच्या पिठासंगं ही चालीन का व?’

आतल्या आवाजाला उत्तर द्यायचं काम माझं होतं. मी दिलं नाही. मोळीवालीकडे बघून म्हटलं, ‘तू कशाला त्रास घेतेस? एकदा लिहिलं की झालं.’ तिला आतलं ऐकू गेलं होतं. तिनं पोटळीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

निघायच्या आदल्या दिवशी ती मोळी टाकून परत जायला उठली आणि म्हणाली, ‘आज वर जाता जाता मी फांद्या टाकून ठेवते. वाट फुटते तिथं फांदी आडवी, तिच्यावर दगड. फांदी दिसली की...’

‘कळलं, कळलं,’ मी म्हटलं. मी तेव्हा पेन्सिलीला टोक करत होते. मला दिशा दाखवणारा एक बाण काढायचा होता, तो नीट येत नव्हता. उद्या झऱ्यावर पाणी भरून बसते, एवढं जाताना ती सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सात जणी निघालो. आत्याबाई, जाऊबाई, मी, आणि गल्लीतल्या चौघी. डोक्यावर पीठ, डाळ, तुपाची बरणी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या दोन कळश्या. मी सगळ्यांच्या पुढे, हातात कागद. उजाडता उजाडता सुक्या नाल्यात शिरलो. सगळ्या खुशीत होत्या. आत्याबाई तर अनवाणी चालूनही सगळ्यांत भरभर चालत होत्या. एकजण म्हणाली, ‘बाईमानसानं वाट आखली अन् आपुन चाललो, आपल्या आज्यांनी पाह्यलं असतं तर घेरी येऊन पडल्या असत्या.’ सगळ्या खो खो हसल्या. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तेवढं बरं पुन्हा कधी वाटलं नाही.

नाल्याच्या वर वाट फुटली. उजवीकडची रुंद आणि मोकळी. डावीकडच्या वाटेच्या तोंडाशी पळसाची ताजी फांदी आडवी पडलेली, तिच्यावर दगड.

आता तुला मळ्यातली एक रीत सांगते, म्हणजे माझ्या डोक्यात काय आलं ते समजेल. घड कापायच्या दिवशी सकाळी आबा केळीत एक फेरी मारायचे. ज्या ओळीतले घड तयार झालेत तिच्या तोंडाशी ते हिरव्या पानाचा तुकडा टाकायचे आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर ढेकूळ ठेवायचे. मागून गडी यायचे आणि पान दिसलं की त्या ओळीत शिरायचे. चार वर्षं मी हेच पाहत होते. हिरवं पान आणि वर वजन, म्हणजे आत शिरा.

‘इकडे,’ मी डावीकडे हात केला.

जाऊबाईंना वाचता यायचं नाही, पण डोळे होते. माझ्या खांद्यावरून बघून म्हणाल्या, ‘तुह्या कागदावर तर रेघ उजवीकडं जाते.’

मी कागद पाहिला. रेघ उजवीकडेच होती, मोळीवालीनं सांगितलेली. मी अंगठ्याला थुंकी लावली, ती रेघ पुसली आणि डावीकडे नवी काढली. ‘लिहिताना चुकलं असेल,’ म्हटलं. फांदी ओलांडताना आत्याबाईंचं लुगडं अडकलं, ते मी वाकून सोडवलं. स्वतःच्या हातानं सोडवलं, बघ.

तासभर वाट बरी होती. मग बारीक झाली. मग गुरांची वाट असते तशी झुडपांत इकडे तिकडे फुटत गेली. पुढे एकही फांदी दिसेना. मी म्हटलं, ‘कंटाळली असेल बाई, टाकल्या नाहीत पुढे.’ तिच्यावर ठपका ठेवायला मी तेव्हापासूनच सुरुवात केली होती.

पांढरं झाड येईना. बांबूची बेटं लागली. घाणेरीच्या जाळ्या इतक्या दाट की हातानं फांद्या बाजूला करत, वाकून, कधी बसून पुढे सरकायचं. लुगडी फाटली. तुपाची बरणी कलंडली आणि तूप पिठात गेलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एक कळशी रिकामी आणि दुसरी तळाला होती. मी कागद उलटा धरला, सुलटा धरला. जाऊबाई एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘काय म्हणते व तुहा कागद? पानी कुठी हाये, ते लिहेल नाही का त्याच्यात?’

कोणी हसलं नाही.

‘मागं फिरू,’ एकजण म्हणाली. पण मागं कुठून, हेच कळेना. आम्ही ज्या जाळ्यांतून वाकून आलो होतो त्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी तरीही पुढे चालत राहिले. थांबले असते तर कबूल करावं लागलं असतं. एका कोरड्या ओहोळात उतरताना आत्याबाईंचा पाय दगडांत अडकला आणि त्या आडव्या झाल्या. घोट्याच्या वरचं हाड मोडलं होतं. त्यांनी आवाज केला नाही. ‘माझ्यावाला नवस राहू दे,’ एवढंच म्हणाल्या, ‘या पोरींले घरी ने.’

उन्हं कलली तेव्हा लांबून हाक ऐकू आली. बाईची हाक, डोंगरातल्या बायका घालतात तशी लांब. आम्ही सगळ्या ओरडलो. थोड्या वेळानं जाळी हलली आणि मोळीवाली बाहेर आली. डोक्यावर पाण्याची घागर, मागे तिचा नवरा. ती दुपारपासून झऱ्यावर बसली होती. आम्ही आलो नाही म्हणून उलटी खाली आली. नाल्याशी फांदी पाहिली, तिच्या पलीकडे आमची पावलं पाहिली, आणि तिथून आमचा माग काढत, काट्यांना अडकलेले लुगड्यांचे धागे बघत आली. घागर घेऊन, हे लक्षात घे.

पाणी सगळ्या प्यायल्या. नैवेद्याच्या पिठासोबत जिनं चालायचं नव्हतं, तिच्या घागरीतलं, तिच्याच ओंजळीतलं. जाऊबाई सगळ्यांत जास्त प्यायल्या.

तिनं आत्याबाईंना पाठीवर घेतलं. नवऱ्याला म्हणाली, तू धावत सावद्याला जा आणि घरी सांग. आणि आम्हाला आडवं नेत नेत ती खऱ्या वाटेवर घेऊन गेली. मी तिच्या लगोलग मागे होते, बाकीच्या दमून मागे पडल्या होत्या. खऱ्या वाटेवर आल्यावर मला दिसलं. एक बारकी वाट बाजूला फुटत होती आणि तिच्यावर फांदी आडवी, वर दगड. मोकळी वाट आमची. पुढे आणखी एक तशीच. तिनं मान न वळवता, दम खात खात सांगितलं, ‘बंद वाटेवर फांदी टाकते, बाय. फांदी पडली की पलीकडं मानूस जात नाही. लहान पोरगंबी जात नाही. तू कशी गेली?’

मी तिच्या पावलांवर पाऊल टाकत राहिले. पांढरं झाड आलं, तिनं सांगितलं होतं तिथेच, तसंच पांढरं.

तिच्या पाड्यावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तिनं आत्याबाईंना आपल्या बाजेवर निजवलं, पाय बांबूच्या कामट्यांनी बांधला, आम्हाला भाकरी दिली. सगळ्या पडल्या पडल्या झोपल्या.

सकाळी आबा आले. सोबत तुझे आजोबा आणि दोन गडी. गाडी खिंडीखाली सोडून चढून आले होते. आबांचा चेहरा काळा पडला होता. पाड्यावरची माणसं अंगणात उभी होती, आमच्या सगळ्याजणी उभ्या होत्या, ती बाजेपाशी बसली होती. आबांनी आधी आत्याबाईंचा पाय पाहिला. मग वळून विचारलं, ‘कोनी घातलं यांले या वाटेनं?’

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे आले. जाऊबाईंचे तर आधीच आले होते. मला वाटलं, आता कागद गेला, वाचणं गेलं, ‘कळलं’ म्हणणं गेलं. जन्मभर मी या घरात सासूचा पाय मोडणारी सून.

मी बोट केलं. तिच्याच अंगणात, तिची भाकरी पोटात असताना, बोट करून म्हटलं, ‘हिनं खुणा उलट्या टाकल्या. माझ्या कागदावर वाट बरोबर होती.’

बघ, यातला शेवटचा भाग खरा होता. म्हणून तर ते इतकं चांगलं खपलं. जाऊबाई म्हणाल्या, ‘व्हय आबा, कागदावर रेघ उजवीकडंच होती, मी पाह्यलं.’

आबा तिच्याकडे वळले. ‘तुले मीठ-मिरची आमच्या घरचं. अन् आमच्याच बायकांले जंगलात घालते का व? उद्यापासून गल्लीत पाय ठेवू नको.’

ती उठून उभी राहिली. आबांकडे तिनं पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. आपल्याला काहीतरी समजलं नाही, समोरचा नीट समजावून सांगेल, असं माणूस पाहतं ना, तसं पाहिलं. म्हणाली, ‘बाय, तू तर म्हनली होती, कळलं.’

मी पदर सावरला.

तिच्या नवऱ्यानं आणि भावांनी आत्याबाईंना बाजेसकट खांद्यावर घेऊन खिंडीखाली गाडीपर्यंत पोचवलं. एवढं बोलून झाल्यावरही पोचवलं. बाज परत नेताना त्यांनी गाडीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आत्याबाईंचा पाय वाकडाच बसला. महिनाभर मी तेल चोळत होते. एका दुपारी चोळता चोळता त्या छताकडे बघत म्हणाल्या, ‘ती फांदीचं सांगत व्हती, तवा मी तिच्या पाठीवरच व्हती.’

माझे हात थांबले. हे त्या कोणालाच बोलल्या नाहीत, मरेपर्यंत. घराची अब्रू राखली त्यांनी, माझी राखली. मी पुन्हा चोळायला लागले. तेवढ्या एका वाक्यावर मी रडून सगळं ओकून टाकायला हवं होतं. आबांच्या पायावर पडायला हवं होतं. ते तापट होते, पण खोट्याला धरून बसणारे नव्हते. त्यांनी स्वतः जाऊन तिला परत बोलावलं असतं. मी तेल संपलं म्हणून आत गेले.

आमच्या गल्लीचं पाहून दुसऱ्या गल्ल्यांनीही तिला दार बंद केलं. दारोदार मोळी विकणं संपलं. पुढच्या थंडीत मी फैजपूरच्या बाजारात गेले होते तेव्हा ती दिसली. मोळी मातीत टेकवलेली, शेजारी ती उन्हात उकिडवी बसलेली. दिवसभर बसायचं, कोणी घेतली तर घेतली. मी वळणार तोच तिनं हाक मारली. ‘बाय, सासूचा पाय कसा हाये?’

‘बरा आहे,’ मी म्हटलं.

‘चालते?’

‘चालते.’

ती ‘बरं झालं’ म्हणाली. मी पुढे गेले. बांगड्या घ्यायच्या होत्या, त्या न घेताच घरी आले. तिच्याशी माझं झालेलं शेवटचं बोलणं ते.

आता तुझ्या गोडव्यांकडे येते. जाऊबाईंनी ही गोष्ट गल्लीत सांगितली, गल्लीनं गावात. सांगता सांगता तिचा आकार बदलला. पावरिणीनं भुलवलं, पण आमच्या धाकलीनं धीर सोडला नाही, सगळ्यांना बाहेर काढलं. मी एकदाही खोडलं नाही. मग दुसऱ्या आळीतल्या बायका आल्या, ‘आम्हाले देवीले जायचं हाये, वाट आखून दे.’ मी दिली. पुढच्या सहा-सात वर्षांत अशा कितीतरी वाटा आखून दिल्या. हे काम मी चांगलं करायचे, तेही खोटं बोलत नाही. खाली येणाऱ्याला विचारू नये, वर चढणाऱ्याला विचारावं. पाणी कुठं हे विचारताना कोणत्या महिन्यात हेही विचारावं. एकच वाट तिघांना वेगवेगळं गाठून विचारावी. वाट फुटते तिथं मागे वळून एकदा पाहून घ्यावं, परतताना तीच बाजू दिसते. आडव्या फांदीपलीकडे पाऊल टाकू नये. हे तुला मी लहानपणी शिकवलं आणि तू त्या मंडळींना शिकवलंस. ‘हे तुम्हाला कोणी शिकवलं?’ असं बायका विचारायच्या, तेव्हा मी म्हणायचे, ‘अनुभवानं.’

आणि एक गोष्ट कोणालाच माहीत नाही. माझी एकही वाट तिच्या पाड्यावरून गेली नाही. सरळ वाट तिथूनच होती, खिंडीतून पाडा, पाड्यापुढे झरा. मी प्रत्येक वेळी खिंडीआधीच बायकांना वळवून उंच धारेवरून न्यायची. दोन कोस जास्त, तेही खड्या चढणीचे. म्हाताऱ्या बायका धापा टाकत विचारायच्या, ‘इकडून कायले व?’ मी म्हणायचे, ‘तिकडे वाघरू आहे.’ गरोदर बायका चढल्या त्या वाटेनं, अंगावर दूध पिणारी पोरं घेऊन चढल्या. माझं तोंड तिला दिसू नये म्हणून.

ती आता नसणार. असली तर नव्वदीची असेल. मला तिच्याकडे जाऊन माफी मागायची आहे असं मोठं बोलणं मी बोलत नाही. गुडघे गेले, आणि जेव्हा गुडघे होते तेव्हा मी धारेवरून वळसा घेत होते. पण इथं या गल्लीत तिचं नाव अजून घाण आहे, ते मला सलतं. आपल्या घरात कोणी फसवलं की म्हणतात ना, ‘मोळीवालीची खूण दिली’? तूही लहानपणी म्हणायचीस. भाजीवाल्यानं किडकी वांगी घातली तरी मोळीवालीची खूण. परवा नातसून सुद्धा म्हणाली, आणि तिनं तर मोळी कधी पाहिलेलीही नाही. जिनं पाठीवर माणूस वाहिलं, तिच्या नावानं या घरात तीन पिढ्या फसवणूक ओळखली जाते, आणि ते मी चालू दिलं.

ते मोडायचं तर इथंच मोडायला हवं. तिचं नाव जिथं गेलं तिथंच, ओट्यावर, सगळ्यांदेखत. मी दोनदा प्रयत्न केला. एकदा पापडाला सगळ्या जमल्या होत्या, मी ‘एक सांगायचं आहे’ म्हणून सुरुवात केली, आणि जाऊबाईंची सून म्हणाली, ‘सांगा ना काकू, तुमची ती जंगलातली गोष्ट सांगा.’ बाकीच्या मांडी ठोकून सरसावून बसल्या. आणि मी, देवा, मी तीच जुनी सांगितली. दुसऱ्यांदा तोंड उघडलं आणि कैऱ्यांचा भाव विचारून बसले.

म्हणून हे लिहिलं. आणि म्हणून तू ये. दिवाळीपर्यंत थांबू नको. आधी तुझ्या त्या मंडळींना फोन करून सांग, की मी सांगितलं ते चुकीचं होतं. मग गाडी पकड. मंगळवारी दुपारी सगळ्या जणी ओट्यावर बसतात. तू माझ्या शेजारी बस, हे कागद मांडीवर ठेव, आणि मी भलतीकडे वळायला लागले की माझा हात दाब. तुझ्यासमोर मला वळता येणार नाही. येशील ना? या मंगळवारी नाही जमलं तर पुढच्या. पण त्याच्या पुढे ढकलू नको गं. लवकर ये.